प्री-एक्लॅम्प्सिया आणि पुढील गर्भधारणा

काही काळापूर्वी एक दांपत्य आमच्या चिकित्सालयात आले. रक्तदाब अनावर झाल्याने पहिली प्रसूती ३१ व्या आठवड्यात शस्त्रक्रियेने करावी लागली होती. अर्भक वाचले नाही. पुन्हा दिवस राहिले तर हेच घडेल काय, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. सोबतच्या सासूबाईंना मात्र गर्भ टिकविणारे औषध हवे होते.

गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब प्रथमच १४०/९० वा अधिक होणे आणि लघवीतून प्रथिने जाणे, ही या व्याधीची परिचित ओळख. आता प्रथिनांचा आग्रह उरलेला नाही. वाढलेल्या रक्तदाबासोबत प्लेटलेट घटणे, यकृत वा वृक्क बिघडणे, तीव्र शिरःशूल, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही आढळले तरी निदान होते. मूळ अपरेत आहे. गर्भाशयाच्या सर्पिल धमन्या पुरेशा रुंदावत नाहीत, अपरेला रक्त कमी पडते आणि तिच्यातून सुटणारी द्रव्ये मातेच्या सर्व रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराला इजा करतात. संहितांत याचे हुबेहूब नाव शोधण्याची खटपट आपल्याकडे फार होते. गर्भिणीशोथ जवळचा वाटतो. परंतु निरोगी गर्भिणीचे पायही सुजतात.

म्हणूनच औषधी दुकानदार बंधूंना विनंती, की सुजेसाठी पुनर्नवेचा काढा मागणाऱ्या गर्भिणीस रक्तदाब मोजल्याविना बाटली देऊ नये. या व्याधीत सूज दिसली तरी रक्तवाहिन्यांतील द्रव कमीच झालेला असतो. मूत्रल औषधाने पाय उतरतील, व्याधी तसाच राहील. मीठ तोडूनही तो टळत नाही. ज्येष्ठमध गर्भिणीच्या पाठांत नेहमीचे. पण अधिक मात्रेत, दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढवते. पूर्वी हा व्याधी झालेल्या स्त्रीस आम्ही ते देत नाही.

आता पुनरावृत्तीविषयी. एकंदरीत सहा-सात स्त्रियांपैकी एकीस हा व्याधी पुन्हा होतो. पहिली प्रसूती ३४ आठवड्यांपूर्वी करावी लागली असेल, तर सुमारे तिघींपैकी एकीस. म्हणजे तेथेही बहुतेकींची सुटका होते. १२ व्या आठवड्यापासून, निदान १६ व्यापूर्वी, प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्याने अल्प मात्रेतील ॲस्पिरिन सुरू केल्यास धोका घटतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज रात्री १५० मिलिग्रॅम घेणाऱ्या जोखमीच्या स्त्रियांत ३७ आठवड्यांपूर्वी उद्भवणारा व्याधी निम्म्याहून अधिक घटला. आहारात कॅल्शियम कमी असल्यास तेही पूरक द्यावे. आपले कल्प या गोळीच्या जागी देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सूतिकेकडे आपले दुर्लक्ष होते. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत हा व्याधी प्रथमच प्रकट होऊ शकतो. तिचा शिरःशूल वातप्रकोप समजून अभ्यंग सांगण्यापूर्वी रक्तदाब मोजावा. १६०/११० आढळल्यास त्याच घटकेस रुग्णालयात पाठवावे. पुढील आयुष्यातही अशा स्त्रीस हृद्रोग व पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो, म्हणून दरवर्षी तपासणी हवी.

त्या स्त्रीचा रक्तदाब सात महिन्यांनंतरही १४४/९४ होता आणि लघवीत प्रथिने होती. प्रसूतीनंतर तीन महिन्यांनीही प्रथिने राहिली तर वृक्कविकार शोधावा लागतो. तिघींपैकी एकीचा अंदाज तिला सरळ लावता येईना. आम्ही वृक्कतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. रक्तदाबाच्या चालू गोळ्यांपैकी काही गर्भास घातक असतात, त्या तज्ज्ञांकडून बदलून घेईपर्यंत दिवस राहू देऊ नयेत, असेही बजावले. सासूबाई औषधाविना परतल्या, त्या थोड्या रुसूनच.