खुर्चीखालचा बुश

अगं, परवा तुझा फोन ठेवला, पण तुझा रडवेला आवाज कानातून जाईना. "ताई, बोटीतली पुढची खुर्ची डुगडुगतेय. दुकानदार म्हणतो, याचा पार्ट मिळत नाही, अख्खी सीटच बदला." गणपतीनंतर तळ्यावर पाहुण्यांची गर्दी सुरू होणार, त्याआधी बोट पाण्यात सोडायची, आणि नव्या खुर्चीचे पैसे ऐकून तुझी झोप उडालेली. म्हणून आज निवांत बसून सगळं सांगते. आमच्या वर्कशॉपमध्ये लेथच्या आवाजात माझा संसार झाला. त्यातून जे शिकले ते तुझ्यापाशी नाही उघडायचं, तर कुणापाशी?

पहिली गोष्ट मनात पक्की धर. "मिळत नाही" याचा अर्थ एवढाच, की त्या कंपनीचं नाव छापलेलं पाकीट त्याच्याकडे नाही. त्या पाकिटातली वस्तू म्हणजे शेवटी एक माप आणि एक धातू, नाहीतर प्लॅस्टिक. माप तुझ्या हातात असेल, तर वस्तू सापडते. नाही सापडली, तर घडवून घेता येते. म्हणून दुकानात जाताना "सीटचा पार्ट द्या" असं म्हणायचं नाही. नक्की काय झिजलंय, ते आधी ओळखायचं.

बोट सध्या शेडमध्ये आहे ते बरंच आहे. किनाऱ्यावरचे कोळीसुद्धा पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढून डागडुजी उरकतात आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पाण्यात उतरतात. तूही तसंच कर. बोटीत बस आणि एका हाताने खुर्ची हलव, दुसरा हात खाली ठेव. खुर्चीच्या बुडाशी फिरती प्लेट असते, तिच्याखाली खांब, आणि खांब ज्यात बसतो ती तबकडी तळाच्या फळीला बोल्टने आवळलेली असते. खेळ फिरत्या प्लेटमध्ये असेल, तर तिथलं बेअरिंग किंवा वायसर गेलेलं. खांब तबकडीत हलत असेल, तर दोघांमधली नळी, म्हणजे बुश, झिजलेला. आणि तबकडीच फळीसकट उचलत असेल, तर दोष खुर्चीचा नाहीच, फळीचा आहे. ही तिसरी गोष्ट लोक तपासत नाहीत. नवी खुर्ची आणतात, त्याच कुजक्या लाकडात त्याच भोकांतून आवळतात, आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

मग मापं घे. पट्टीने नको, व्हर्नियर घे. नसेल तर मी येताना आणते. खांबाचा बाहेरचा व्यास मोज. बोटींच्या खुर्च्यांत दोन मापं फार आढळतात, पावणेतीन इंचांच्या थोडं वर म्हणजे 73 मिलिमीटर, नाहीतर 60.3 मिलिमीटर. आता गंमत बघ. बाजारात ज्याला "दोन इंची पाइप" म्हणतात, त्याचा बाहेरचा व्यास दोन इंच म्हणजे 50.8 नसतो, 60.3 मिलिमीटर असतो. पाइपचं नाव एक आणि माप दुसरं. आपल्या खोपोलीत झेनिथ धबधब्याला ज्या कंपनीचं नाव पडलं, तीही पाइपांचीच, त्यामुळे हे गणित इथल्या जुन्या कामगारांना तोंडपाठ. तुझा खांब 60.3 भरला, तर त्याच मापाचा स्टेनलेस पाइप कापून नवा खांब करता येतो, हे ध्यानात ठेव.

खांब तीन ठिकाणी मोज, वर, मध्ये आणि जिथे बुश घासतो तिथे. घासलेल्या जागी कमी भरला, तर नुसता बुश बदलून भागणार नाही. आणि झिजलेल्या बुशचं माप कधीच देऊ नकोस. तो झिजलाय म्हणून तर हा सगळा खटाटोप. खांबाच्या न घासलेल्या भागाचं आणि तबकडीच्या आतल्या भोकाचं माप दे, बुश त्या दोघांच्या मधला होईल.

बोल्टचं तर विशेष जप. अमेरिकी बनावटीच्या खुर्चीच्या बोल्टला बहुधा इंची आटे असतात. त्यातल्या 5/16 इंची, म्हणजे 7.94 मिलिमीटरच्या बोल्टला आपले मिस्त्री अडीच सूत म्हणतात. आपल्याकडे सर्रास मिळतो तो 8 मिलिमीटरचा. हातात घेतले तर दोघे जुळे भाऊ वाटतात. पण अडीच सुताच्या जाड आट्यांत दोन आट्यांमधलं अंतर 1.41 मिलिमीटर आणि आठच्या बोल्टचं 1.25. दोन फेरे गोडीने जातो, मग अडतो, आणि आपण पान्याला जोर दिला की आटे गेलेच. म्हणून जुना बोल्ट नेहमी सोबत ने आणि दुकानात त्यावर नट हाताने पूर्ण फिरवून बघ. खालून नायलॉक नट लाव, सतत हादरे बसले तरी तो सहजी सुटत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे तुझ्या हातून होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्याच बोटीसाठी बुश हवा होता. मी समोर दिसलेला नायलॉनचा दांडा घेतला आणि नेमक्या मापात टर्निंग करून घेतला. बसवला तेव्हा लोण्यासारखा फिरत होता. पाऊस सुरू झाला आणि खुर्ची जागच्या जागी रुतून बसली, हातोडीने काढावी लागली. नायलॉन पाणी पितं, अगं. आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पितं आणि फुगतं. हे मला माहीत असायला हवं होतं, मी विचारलं नाही. बुशसाठी अ‍ॅसिटल माग, दुकानात त्याला डेलरीन म्हणतात. ते भिजून भिजून एक टक्क्याच्या आतच पाणी घेतं, त्यामुळे माप टिकतं. लेथवर कापायलाही छान.

धातूचं म्हणशील तर तुझं तळं गोड्या पाण्याचं, तिथे 304 स्टेनलेस पुरतं. मांडव्या-रेवसकडच्या खाऱ्या पाण्यातली बोट असती, तर 316 घे म्हणाले असते. त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठापुढे ते जास्त टिकतं. कुणी चुंबक लावून "बघा, 316 आहे" म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. चुंबक 304लाही बहुतेक वेळा चिकटत नाही, त्यावरून दोघांतला फरक कळत नाही. तबकडी अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर तिच्यात आणि स्टीलच्या बोल्टात प्लॅस्टिकचं वायसर घाल. दोन धातू ओले होऊन एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, भोकाभोवती पांढरी पूड दिसते ती तीच.

फळी ठोकून बघ. टणक आवाज आला तर चांगली, बद्द आला तर आत पाणी मुरलंय. तेवढा भाग कापून मरीन प्लाय बसव, त्यावर आयएस 710 हा शिक्का बघून घे. 303 हा साध्या प्लायचा. भोकं पाडून झाली की त्यांच्या कडांना आतून इपॉक्सी पाज, पाणी तिथूनच शिरतं. आणि फळीखाली बोल्टसाठी एक रुंद पट्टी दे, म्हणजे माणसाचा भार चार भोकांवर न येता सगळ्या फळीवर वाटला जाईल.

बुश आणि खांब इथे खोपोलीतच होतील. ज्या गावाने कारखान्यांतून पिढ्यान् पिढ्या फिटर आणि टर्नर घडवले, तिथे एका बुशसाठी अडायचं कारण नाही. फिरती प्लेट आणि इंची बोल्ट मात्र मुंबईत बघू. एक दिवस काढ. मी खोपोली लोकलने येते, कर्जतला भेटू. आधी मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट, बोल्ट, बेअरिंग, डेलरीनचा दांडा, सगळं तिथे एका रस्त्यावर. तिथे प्लेट नाहीच मिळाली, तर हार्बरने रे रोडला जाऊ. तिथल्या दारूखान्यात जुन्या जहाजांचं सामान दुकानांतून मिळतं. पण तिथली वस्तू आधीच वापरलेली असते, म्हणून व्हर्नियर लावल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

सगळं बसलं की पाहुण्यांआधी तू बस. लाइफ जॅकेट घालून, काठाजवळ, गुडघाभर पाण्यात. डावीकडे झुक, उजवीकडे झुक, झटक्यात उठून बघ. लहान बोटीत माणूस असाही पाण्यात पडतो, तोल सावरायला खुर्ची धरतो आणि खुर्चीच कलंडते. घरात डुगडुगणाऱ्या खुर्चीवरून पडलो तर जमीन असते. इथे ती नसते. म्हणून मी तुला एवढं बारीकसारीक सांगत बसले.

आणि हो, टर्नरला एक नाही, दोन बुश करायला सांग. दुसऱ्यातला खर्च थोडाच असतो, कारण मशीनवर माप एकदाच लावायचं. मापांची वही घाल, तारखेसकट. जास्तीचा बुश माझ्या कपाटात ठेवीन, चिठ्ठी लावून. पुढच्या वेळी तुझा फोन आला की तो घेऊन मी लोकल पकडेन.

तुझी,
ताई