परराज्यात दंतवैद्यकासाठी अर्ज : आधी हिशेब, मग पसंती

मुलगा नीट परीक्षा पास झाला, पण महाराष्ट्रातील सरकारी दंत महाविद्यालयासाठी गुण पुरले नाहीत, की एजंटांचे फोन सुरू होतात. जो बाप गाठीभर सूत घेताना चार दुकाने फिरतो, तोच मग लाखांचा सौदा एका रंगीत माहितीपत्रकावर करून बसतो. म्हणून या आठवड्यात आम्ही या सौद्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहणार आहोत.

दारे दोन

पहिले दार केंद्राच्या एमसीसीचे. देशभरच्या सरकारी दंत महाविद्यालयांतील १५ टक्के जागा, केंद्रीय विद्यापीठांच्या जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा येथून भरतात. दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ याच दारात येतात. जामियात मुस्लिम उमेदवारांसाठी राखीव जागाही आहेत. ओबीसी सवलत हवी असेल तर केंद्राच्या नमुन्यातील दाखला आधीच काढून ठेवावा. राज्याचा दाखला येथे चालत नाही.

दुसरे दार त्या त्या राज्याचे. कर्नाटकासाठी केईएकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तेथील खासगी महाविद्यालयांत सरकारी कोट्याची स्वस्त जागा बाहेरच्या विद्यार्थ्याला मिळत नाही, जादा फीची खासगी जागाच मिळते.

पाच वर्षांचा जमाखर्च

बी.डी.एस. म्हणजे चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. उदाहरणादाखल फी वर्षाला ३ लाख आणि राहणे, जेवण, प्रवास, अवजारे मिळून दीड लाख धरू. फीचे १२ लाख आणि इतर साडेसात लाख मिळून साडेएकोणीस लाख झाले. दवाखान्याची खुर्ची, कॉम्प्रेसर आणि एक्स-रे यांचे भांडवल त्यानंतर. ज्यांना व्याजाचे कर्ज नको, त्यांनी हा आकडा आजच कागदावर मांडावा.

मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी कुटुंबांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक शिक्षण घेताना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. परराज्यात गेल्यावर ही सवलत सुटते. राज्यातील खासगी जागा नाकारण्यापूर्वी हा फरक मांडून पाहावा.

खुर्चीवर रुग्ण आहे का?

आमच्या मते सर्वांत मोठी कसोटी हीच. दंतवैद्य हा कारागीर आहे. करघ्यावर बसल्याशिवाय विणकर होत नाही, तसा दाताला हात लावल्याशिवाय दंतवैद्य होत नाही. इमारत झकपक आणि खुर्च्या रिकाम्या असतील, तर मुलगा पदवी घेऊन येईल, हात घेऊन येणार नाही. म्हणून प्रवेशापूर्वी एका कामाच्या दिवशी सकाळी ओपीडीत जाऊन दोन तास बसावे आणि रुग्ण मोजावेत. इंटर्न मुलांना बाजूला घेऊन विचारावे, की तुम्ही स्वतः किती दात काढले, किती रूट कॅनॉल केले?

रुग्णाची भाषाही पाहावी. विजापूरचे अल-अमीन आणि गुलबर्ग्याचे अल-बदर ही दंत महाविद्यालये सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहेत. दख्खनी बोलणाऱ्या मुलाचे तेथील पुष्कळ रुग्णांशी जमेल. दूर चेन्नईत त्याला आधी भाषा शिकावी लागेल.

पसंतीक्रम आणि अनामत

मान्यता तपासून पाच-सहाच नावे ठेवावीत. जेथे मुलाला पाठवायचेच नाही, ते नाव यादीत भरूच नये. २०२४ मध्ये एमसीसीच्या अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख रुपये अनामत होती. पहिल्या फेरीची जागा सोडता येत होती, पण दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास अनामत जप्त होत होती. "भरून तर ठेवू" म्हणणाऱ्याची फसगत येथेच होते. नियम दरवर्षी वाचावेत आणि पैसे एजंटाच्या हाती कधीही देऊ नयेत.

शेवटी, मुलगा परतल्यावर दवाखाना कोठे काढणार हेही आजच ठरवावे. महाराष्ट्रात काढायचा असेल तर परराज्यातील नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे हलवावी लागते. पदवी भिंतीवर टांगायची असते, पोट मात्र हाताच्या हुनरावर चालते. हे हुनर जेथे मिळेल तेच महाविद्यालय निवडण्याची अल्लाह आपणां सर्वांना समज देवो.