चिकुनगुनिया : ताप उतरतो, सांधे धरून राहतात



लावणी आटोपली, बेणणी आणि खतं चालू आहेत. पावसाची उघडझाप सुरू झाली की याच दिवसांत घरोघरी तापाचे पेशंट दिसतात. म्हणून आजचा मेसेज भाताच्या रोगावर नाही, भात कापणाऱ्या हातांवर आहे. थोडा लांब आहे. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

चिकुनगुनिया हा विषाणूचा ताप, आणि तो डासामार्फतच पसरतो. नावात 'चिकन' ऐकू येतं म्हणून कोंबडी सोडू नका, तिचा काही संबंध नाही. १९५२ साली आफ्रिकेत, टांझानियात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. तिथल्या माकोंडे भाषेत या शब्दाचा अर्थ दुखण्याने वाकून जाणं. आपल्या राज्यात १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला मोठी साथ आली होती. पुढे तीसेक वर्षं रोग जणू नाहीसाच झाला आणि २००६ साली परत आला तो राज्यभर. २०२४ च्या पावसाळ्यातही बरेच रुग्ण सापडले.

डास चावल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांनी एकदम कडक ताप भरतो. मनगटं, बोटं, गुडघे, घोटे धरतात. कुणाला अंगावर पुरळ येतं. ताप बहुधा आठवड्याच्या आत जातो आणि माणूस म्हणतो, बरा झालो. इथंच फसगत होते. ताप गेला तरी सांधे काही आठवडे, काहींचे महिनोन् महिने दुखतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, जमिनीवर पाय टेकवत नाही. वय जास्त असेल किंवा आधीपासून सांधेदुखी असेल तर जास्त दिवस लागतात. या रोगाने माणूस क्वचितच दगावतो, पण ऑगस्टमध्ये आजारी पडलेल्याला ऑक्टोबरात विळा धरवेलच याची खात्री नाही. ते दुखणं खोटं नसतं. घरातल्या माणसाला, विशेषतः बाईमाणसाला, 'ताप गेला ना, मग चल शेतावर' असं म्हणू नका.

आता सर्वात महत्त्वाचं. *पहिल्या आठवड्यात मेडिकलमधून दुखण्याची गोळी स्वतःहून घेऊ नका.* डेंग्यू आणि चिकुनगुनिया एकाच जातीच्या डासामुळे होतात आणि सुरुवातीला सारखेच दिसतात. डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. सोबत पेज, ताक, सरबत, भरपूर पाणी. विषाणू मारणारं औषध नाही, त्यामुळे 'एका इंजेक्शनात मोकळं करतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. अशा इंजेक्शनात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पुढे त्रास होतो.

तपासणी कितव्या दिवशी केली यालाही महत्त्व आहे. चिकुनगुनियाची नेहमीची रक्ततपासणी ताप आल्यावर पाचेक दिवसांनी नीट लागते. दुसऱ्याच दिवशी केली आणि निगेटिव्ह आली तर रोग नाही असं समजू नका. डेंग्यूची एनएस१ मात्र पहिल्या पाच दिवसांतच करायची. म्हणून डॉक्टरांना ताप कधी आला ती तारीख सांगा. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय गाठा. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, सारखी उलटी झाली, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त आलं, माणूस गळून गेला, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, बाळाला लागण होऊ शकते.

डेंग्यू नाही हे ठरल्यावर सांध्यांसाठी डॉक्टर वेगळ्या गोळ्या देतात. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू हलवा. अगदी पडून राहिलात तर सांधे आखडतात, आणि लगेच ओझं उचललंत तर सुजतात. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

बरेच जण म्हणतात, डास खाचरातून येतात. खाचरात डास होतात, पण ते दुसरे. हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पेंढ्यावरच्या ताडपत्रीची घडी, फवारणीचं पिंप, गुरांची डोण, जुना टायर, करवंटी, फ्रिजमागचा ट्रे. तो सहसा शे-दोनशे मीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे तो आपल्या किंवा शेजारच्या अंगणातलाच. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करा. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. काथ्याने घासून काढा, उन्हात पालथं घाला. मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. घरात पेशंट असेल तर पहिला आठवडा त्याला *दिवसाही* मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डासच पुढे घरातल्यांना आजार देतो.

ज्यांच्या घरात या महिन्यात कुणाला हा ताप येऊन गेला असेल त्यांनी आपल्या गटप्रमुखाला आत्ताच कळवा. कापणी यंत्राची यादी करताना त्यांचा नंबर आधी लावायचा आहे, आणि माणसांची जुळवाजुळव दसऱ्याला करून होत नाही.