क्रियापद कुठे अडते? : आपल्या मुलांच्या इंग्रजी लेखनाचा एक अभ्यास

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, दात्यांचे ऋणनिर्देश आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असणे स्वाभाविक आहे. त्यांच्या जोडीला वर्गातील एका रोजच्या प्रश्नाचा अभ्यास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हां शिक्षकांना वाटले. हा प्रश्न आठवी ते दहावीच्या मुलांच्या इंग्रजी लेखनातील क्रियापदाचा आहे. मुलांचा शब्दसंग्रह वाढतो, अक्षर सुधारते, निबंधही लांबतो. क्रियापद मात्र पुन्हा पुन्हा अडते. त्यावरून ‘इंग्रजी आपल्या मुलांना झेपणारे नव्हे’ असा निष्कर्ष घरीदारी काढला जातो. हळूहळू तो मुलालाही पटतो आणि दहावीनंतर ज्या अभ्यासक्रमाचे माध्यम इंग्रजी, त्याचा अर्जच ते भरीत नाही. म्हणून या चुकांकडे केवळ गुणांच्या हिशेबाने पाहून भागणार नाही.

राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. वर्षे वाढली, तरी चुकांचे स्वरूप फारसे बदलले नाही. याचे कारण मुलांच्या आळसात शोधण्यापेक्षा भाषांच्या घडणीत शोधावे, असे आम्हांस वाटते. पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकांनी १९६७ साली एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. घाईत हातून होणारी चूक वेगळी आणि शिकणाऱ्याने मनाशी बांधलेल्या नियमातून येणारी चूक वेगळी. पहिली त्याची त्यालाच सुधारता येते. दुसरी त्याला चूक वाटतच नाही, कारण त्याच्या नियमाप्रमाणे ती बरोबर असते. आपल्या मुलांच्या बहुतेक चुका दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

चुकांमागील तर्क

‘ही डिड नॉट वेन्ट टू मालवण’ हे वाक्य घेऊ. मराठीत आपण ‘तो गेला’ म्हणतो आणि नकार देताना ‘तो गेला नाही’ असे म्हणतो. भूतकाळ ‘गेला’ या रूपातच राहतो, ‘नाही’ केवळ नकार आणतो. मूल हाच न्याय इंग्रजीला लावते, म्हणून ‘वेन्ट’ जागेवर ठेवून त्याला ‘डिड नॉट’ जोडते. इंग्रजीत मात्र भूतकाळाचा भार ‘डिड’ने एकदा उचलला की मुख्य क्रियापद मूळ रूपात, म्हणजे ‘गो’ असे परतते. एका वाक्यात भूतकाळाची खूण एकदाच, हे सूत्र मुलाला समजले की ही चूक झपाट्याने कमी होते.

दुसरे वाक्य ‘द बॉइज प्लेज ऑन द बीच’. मराठीत ‘मुलगा खेळतो’ आणि ‘मुलगे खेळतात’. कर्ता अनेकवचनी झाला की क्रियापदही तसे होते. नामाचे अनेकवचन ‘एस’ने होते हे मूल शिकलेले असते, म्हणून ते क्रियापदालाही ‘एस’ लावून दोघांचा मेळ घालते. प्रत्यक्षात इंग्रजी क्रियापदाचा ‘एस’ एकवचनी तृतीयपुरुषाचा आहे. त्यामुळे मुलाचा तर्क निर्दोष आणि उत्तर मात्र चुकीचे, अशी अवस्था होते.

तिसरा प्रकार ‘वन ऑफ माय फ्रेंड्स आर फ्रॉम देवगड’ हा. मराठीत ‘माझ्या मित्रांपैकी एक देवगडचा आहे’ असे म्हणताना ‘एक’ हा शब्द क्रियापदाकडे सरकतो. इंग्रजीत तो वाक्याच्या आरंभी राहतो आणि क्रियापदाशेजारी अनेकवचनी ‘फ्रेंड्स’ येते. शिवाय ‘मी बांगडा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यांत मराठी क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. अशा भाषेत वाढलेले मूल क्रियापदाच्या लगतच्या नामाकडे पाहते, यात नवल नाही.

चौथा प्रकार ‘आय हॅव सीन द फोर्ट येस्टरडे’ हा. ‘काल मी किल्ला पाहिला आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ‘येस्टरडे’सारखा गेलेला काळ नेमका सांगितला की ‘हॅव’ चालत नाही, साधा भूतकाळच लागतो.

मालवणीचे भांडवल

आपल्या किनाऱ्यावरील मुलांची गोष्ट आणखी एका कारणाने वेगळी आहे. घरी ते ‘तो जाता, ती जाता’ म्हणतात. शाळेत आल्यावर ‘तो जातो, ती जाते’ असे लिंगानुसार वेगळे करावयास शिकतात. घरचे ‘तो गेलो’ पुस्तकात ‘तो गेला’ होते. म्हणजे इंग्रजीचे पान उघडण्यापूर्वीच या मुलांनी क्रियापदाची दुसरी व्यवस्था आत्मसात केलेली असते. मालवणी हा इंग्रजीच्या वाटेतील अडथळा आहे, हा समज आम्हांस मान्य नाही. दोन व्यवस्थांत फरक असतो, हे या मुलांना अनुभवाने ठाऊक आहे. वर्गात मालवणी, मराठी आणि इंग्रजी अशी तीन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली की तो फरक मुलेच शोधून सांगतात.

वसतिगृहातील मुलांजवळ चौथे साधनही आहे. वंदनेत ती रोज ‘गच्छामि’ म्हणतात. या एका पदातील ‘मि’ मध्ये ‘मी’ सामावलेला आहे. ‘गच्छाम’ म्हटले की ‘आम्ही’ होतो आणि ‘गच्छति’ म्हटले की ‘तो’ किंवा ‘ती’. जुन्या इंग्रजीतही तृतीयपुरुषी एकवचनाला ‘थ’ उच्चाराचा प्रत्यय होता. तो आणि पालीतील ‘ति’ एकाच भाषाकुळातील मूळ प्रत्ययाची रूपे होत. पुढे ‘थ’ची जागा ‘एस’ने घेतली आणि वर्तमानकाळातील इतर बहुतेक प्रत्यय झिजून गेले. एकटा उरलेला तो ‘एस’ म्हणजे ‘गच्छति’च्या ‘ति’चे काम करणारा, एवढे सांगितले की मुलांना त्याचा परकेपणा वाटत नाही.

इतरत्रही हेच

हा प्रश्न केवळ आपला नाही. फिलिपाईन्समध्ये १९०१ साली ‘थॉमस’ जहाजातून अमेरिकन शिक्षक आले आणि इंग्रजी शिक्षण सर्वदूर पसरले. तेथील १९८७ च्या संविधानातही फिलिपिनोच्या जोडीला इंग्रजीला राजभाषेचे स्थान आहे. तरीही तेथील विद्यार्थी क्रियापदापाशी अडखळतात. त्यांच्या भाषेत ‘कुमाइन’ म्हणजे खाल्ले, ‘कुमाकाइन’ म्हणजे खाणे चालू आहे आणि ‘काकाइन’ म्हणजे खाणे अजून व्हायचे आहे. क्रिया पुरी झाली की नाही, हे क्रियापद सांगते. कर्ता एक की अनेक, याने त्याचे रूप बदलावेच लागत नाही. साहजिकच इंग्रजीचा ‘एस’ त्यांच्या हातून गळतो. आपली मुले तो नको तिथे लावतात, त्यांची मुले हवा तिथे विसरतात. चुका निराळ्या, कारण एकच.

करावयाचे काय?

चुका समजून घ्याव्यात, याचा अर्थ त्या तशाच सोडाव्यात असा नव्हे. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाकडे पाहावे. अस्पृश्यता पुढे केव्हातरी नष्ट केली जाईल, असे तेथे म्हटलेले नाही. मूळ इंग्रजी मजकुरात क्रियापद वर्तमानकाळी आहे. संविधान अमलात आले त्या क्षणी ती नष्ट झाली, असा त्याचा अर्थ होतो. भविष्यकाळाचे रूप वापरले असते, तर हक्काऐवजी आश्वासन उरले असते. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘मूकनायक’ मराठीत काढले आणि अर्थशास्त्रावरील ग्रंथ इंग्रजीत लिहिले. एका भाषेने दुसरीची वाट अडविली नाही.

वर्गात आम्ही तीन गोष्टी पाळतो. एका वहीत एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवितो. सारे पान लाल केल्याने मूल काही शिकत नाही, केवळ लिहिणे कमी करते. दुसरे, वसतिगृहात रोज पाच वाक्यांची दैनंदिनी लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी ती मुलाकडूनच मोठ्याने वाचून घेतो. तिसरे, प्रत्येक क्रियापदापुढे तीन प्रश्न विचारावयास लावतो : हे कोणी केले? केव्हा केले? काळाची खूण आधीच येऊन गेली आहे काय?

हे तीन प्रश्न विचारण्यास इंग्रजी यावेच लागत नाही. सुटीत मूल घरी आले की आईने, आजोबांनी त्याच्या वहीतील एका वाक्यावर बोट ठेवून ते मालवणीत विचारावेत. उत्तर शोधताना मूल स्वतःच वाक्य दुरुस्त करील. माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आमची विनंती आहे की, गावी याल तेव्हा एक तास मुलांसोबत बसून त्यांच्या दैनंदिन्या ऐकाव्यात. याच बाकांवर तुमचेही क्रियापद कधी अडले होते आणि पुढे ते सुटले, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळले पाहिजे.