पाऊल उचलेना, टाच मात्र उचलते!

प्रश्न : दोन दिवस वाफ्यात उकिडवं बसून कांद्याची रोपं लावली. दुसऱ्या संध्याकाळी उठलो, तर डावं पाऊल वर उचलेना. चप्पल निसटते, चवडा जमिनीला घासतो. पण टाचा उचलून चवड्यांवर मात्र नीट उभा राहतो. पाय अर्धाच कसा लुळा पडला?
– एक शेतकरी वाचक, निफाड

उत्तर : चवड्यांवर उभं राहून पाहिलंत, हे बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

गुडघ्याखालचे स्नायू तीन कप्प्यांत असतात. नडगीला लागून असलेला पुढचा कप्पा पाऊल आणि बोटं वर उचलतो. पायाच्या बाहेरच्या अंगाचा कप्पा तळवा बाहेर वळवतो. मागचा कप्पा पोटरीचा. तिथे वर दुपेडी गॅस्ट्रोनेमियस आणि त्याखाली चपटा सोलियस. दोघांची मिळून जाड दोरी होते आणि ती टाचेला बांधलेली असते. टाच उचलते ती याच दोरीनं.

आता नसा. मांडीच्या मागून उतरणारी सायटिक नस बहुतेकांत गुडघ्याच्या थोडी वर दुभंगते. टिबियल हा फाटा गुडघ्यामागच्या लवणीतून सरळ पोटरीत शिरतो आणि मांसाखाली सुरक्षित राहतो. पेरोनियल हा दुसरा फाटा बाहेरून वळून पुढे येतो. पुढचा आणि बाहेरचा, हे दोन्ही कप्पे त्याच्याच ताब्यात.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली चाचपा. हाडाचा उंचवटा लागेल. ते फिब्युला या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या लगेच खाली पेरोनियल नस हाडाला वळसा घालते. वर जवळपास कातडीच. तुम्ही तासन्‌तास उकिडवे बसलात, तेव्हा ती तिथेच चेपली आणि ताणली गेली असावी. पोटरीची नस वाचली, म्हणून टाच उचलते. इंग्रजी वैद्यकात या दुखण्याला ‘स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचा लकवा’ असं नावच आहे. कारण तेच, बसणंही तेच.

नस नुसती चेपली असेल, तर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पाऊल पुन्हा उचलू लागतं. पण कमरेतली चकती सरकूनही पाऊल असंच लोंबतं. तेव्हा मालिश करत बसू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि पुढच्या लागवडीला बुटका पाट घेऊन बसा, मधूनमधून उठून चार पावलं चाला.