बंद दार

मुलांनो, लंडनला पार्लमेंटच्या नव्या अधिवेशनाचे उद्घाटन राजा करतो. त्या दिवशी राजाचा अधिकारी लोकप्रतिनिधींना बोलवायला त्यांच्या सभागृहाकडे जातो. तो जवळ येताच दार बंद केले जाते. तो काठीने तीनदा दार ठोठावतो, तेव्हाच ते उघडते. असे का करतात? यामागची हकीकत ऐका.

इ. स. १६२५ मध्ये पहिला चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर बसला. राजाला देवाने नेमले आहे, त्याला कोणी जाब विचारू नये, असे तो मानी. पण नवा कर बसवायला पार्लमेंटची संमती लागे. सभासद म्हणत, की आधी आमची गाऱ्हाणी ऐका. चिडून राजाने १६२९ मध्ये पार्लमेंट बरखास्त केले आणि अकरा वर्षे आपल्या मर्जीने कारभार केला. पुढे स्कॉटलंडशी युद्ध ओढवले. पैसा कमी पडला. १६४० मध्ये त्याला पार्लमेंट बोलवावेच लागले. भांडण पुन्हा पेटले.

४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स शिपाई घेऊन सभागृहाच्या दाराशी आला. शिपाई बाहेर थांबले, राजा आत शिरला. त्याला पाच सभासदांना पकडायचे होते. पण त्यांना आधीच कुणकुण लागली होती. ते नावेतून निसटले होते. राजाने सभापती विल्यम लेंथॉल यांना त्यांचा ठावठिकाणा विचारला. लेंथॉल यांनी राजापुढे गुडघे टेकले. मग ते नम्रपणे म्हणाले, की सभागृहाच्या आज्ञेशिवाय येथे मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभही नाही. राजा रिकाम्या हाताने परतला.

त्याच वर्षी यादवी युद्ध सुरू झाले. राजा हरला. १६४९ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. पण पुढे विजयी सेनापती क्रॉमवेल यानेही १६५३ मध्ये शिपाई आणून सभासदांना बाहेर काढले! अखेर १६८९ मध्ये हक्कांचा कायदा झाला. पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाने कर घेऊ नये, कायदा स्थगित करू नये आणि सभागृहातील भाषणासाठी सभासदाला बाहेर शिक्षा होऊ नये, असे ठरले.

मुलांनो, लेंथॉल यांनी राजाची अदब राखली, पण सभासदांचा पत्ता सांगितला नाही. अदब राखणे वेगळे आणि भिणे वेगळे. ते बंद दार आजही हेच सांगते.

शब्दार्थ
जाब विचारणे – केलेल्या कामाबद्दल उत्तर मागणे
कुणकुण लागणे – गुप्त गोष्टीची थोडी माहिती मिळणे
यादवी युद्ध – एकाच देशातील लोकांची आपसातील लढाई

स्वाध्याय
१. चार्ल्स राजाला १६४० मध्ये पार्लमेंट का बोलवावे लागले?
२. लेंथॉल यांनी राजाला काय उत्तर दिले?
३. 'अदब राखणे वेगळे आणि भिणे वेगळे', हे तुमच्या शब्दांत समजावून सांगा.