सेंद्रिय गुळानेही साखर वाढते

मधुमेहाचे रुग्ण हल्ली अभिमानाने सांगतात, "साखर बंद केली डॉक्टर, आता सेंद्रिय गूळच खातो." परवा असेच एक काका आले. अंगठ्याची जखम पंधरा दिवस भरेना. उपाशीपोटी साखर २८०. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाले, "कवाच सोडल्या. लेकानं मोबाईलात बघून सेंद्रिय गूळ आणलाय, त्यानं साखर मुळातून जाती म्हणं."

असं कुठेही होत नाही! सेंद्रिय म्हणजे ऊस रासायनिक खत आणि फवारणीविना वाढवला, एवढंच. पाकिटावरचं 'जैविक भारत'चं चिन्हही पिकवण्याच्या आणि प्रक्रियेच्या पद्धतीचीच हमी देतं, तुमच्या रक्तातल्या साखरेची नाही. ऊस शेणखतावर वाढो की युरियावर, गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. त्यातल्या थोड्याशा लोहासाठी मधुमेह्याने गूळ खाणं परवडणारं नाही. मधाचंही तेच.

सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. रानातलं विष कमी झालं तर मला आनंदच आहे. परवडत असेल तर सेंद्रिय भाजी जरूर घ्या, फक्त कच्ची खाण्याआधी नीट धुवा. शेणखतातून जंत येऊ शकतात.

चीड येते ती बाजारातल्या 'शंभर टक्के जैविक' औषधी पुड्यांची. आत काय आहे हे लिहिलेलं नसतं, आणि अशा चूर्णांत चोरून मिसळलेली इंग्रजी औषधं, स्टेरॉईडसुद्धा, तपासणीत सापडलेली आहेत. नैसर्गिक म्हणून निर्धास्त होऊ नका. कण्हेरही नैसर्गिकच आहे, पण तिची बी पोटात गेली तर हृदय बंद पडू शकतं.

साखर आटोक्यात असेल तर येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, खिरीचे दोन घास खाल्ले म्हणून घाबरू नका. त्या जेवणात भाकरी कमी करा, गोळी मात्र चुकवू नका.

सारखी तहान, रात्री वारंवार लघवी, उतरणारं वजन, तळपायाला मुंग्या, न भरणारी जखम, यातलं काहीही दिसलं तर रक्त तपासा. ओकाऱ्या, धाप, गुंगी असेल तर सकाळची वाट पाहू नका. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक दरदरून घाम, थरथर, बरळणं सुरू झालं तर साखर उतरलेली असू शकते. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखान्यात आणा.